हातभर कमी

टॉवरकाकांनी टॉवरच्या वरच्या तोंडातून डोकं आत घातलं, बॅटरी मारली आणि डोकं बाहेर काढायचंच विसरले.

खाली शिडीपाशी फिटर उभा होता. त्याने वर बघून हाक मारली, "काका, भरला का?"

"भरत आलाय."

"म्हणजे किती राहिलाय?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे? बोटभर?"

काकांनी आत हात घातला. आतल्या बाजूला एक लाल पट्टी होती आणि रिंगा त्या पट्टीपर्यंत यायला हव्या होत्या. पट्टीपासून खाली काकांची बोटं चाचपडत गेली, कोपर गेलं, दंड गेला, गाल टॉवरच्या पत्र्याला चिकटला, तेव्हा कुठे पहिली रिंग हाताला लागली.

"हातभर," काका म्हणाले, पण इतक्या हळू की ते फक्त टॉवरला ऐकू गेलं असेल. गोण्या सगळ्या संपल्या होत्या.

हा टॉवर म्हणजे तीन मजले उंच आणि अंगाने सडपातळ असं एक लोखंडी नळकांडं. कारखान्यातून जो डोळे चुरचुरवणारा वायू निघतो, तो याच्या बुडातून आत सोडायचा आणि वरून पाण्याची धार धरायची. मधे खच्चून भरलेल्या असतात चिनीमातीच्या रिंगा, अंगठ्यापेक्षा जाड, आरपार पोकळ. पाणी त्यांच्या अंगाखांद्यावरून घरंगळत खाली येतं, वायू त्यांच्या पोटातून वाट काढत वर जातो आणि या गर्दीत दोघांची गाठ पडून वायूतली घाण पाणी घेऊन जातं. वरच्या धुराड्यातून बाहेर पडते ती सभ्य हवा. हे सगळं नीट चाललं तर कुणाला कळतही नाही. बिनसलं तर आख्खी वसाहत नाकाला रुमाल लावून काकांच्या दारात येते. गेली बावीस वर्षं काका हा टॉवर सांभाळत होते. त्याच्या पत्र्याला कान लावून आत पाणी कसं पडतंय ते सांगत होते, आणि त्यांचं खरं नाव आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

पण दीड महिन्यापूर्वी नव्या मॅनेजर मॅडम आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्क्या. त्यांना हा टॉवर काढून नवा, आपोआप चालणारा बसवायचा होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये काका उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. "मॅडम, याला म्हातारा म्हणू नका. आतल्या रिंगा काढतो, घासतो, परत भरतो. शुक्रवारी अकरा वाजता तुमचं ते वास मोजायचं मशीन लावा धुराड्याला. वासाचा एक कण निघाला तर मी स्वतःहून पॅकिंग खात्यात जाऊन खोक्यांना पट्ट्या मारत बसेन."

"रिंगा पुरतील?" मॅडमनी विचारलं.

"पुरतील म्हणजे? स्टोअरात चार गोण्या जादा आहेत. माझ्या परवानगीशिवाय एक रिंग इकडची तिकडे होत नाही."

हे शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि तीच तर पंचाईत होती.

"काका, स्टोअरातल्या जादा गोण्या आणू का?" फिटरने खालून विचारलं.

"नको."

"का?"

"त्या नाहीत."

काका शिडीवरून उतरले आणि उलट्या बादलीवर बसले. "तुझं लग्न झालं, क्वार्टर मिळालं, तेव्हा मी तुला काय दिलं होतं?"

"बारा रिंगा. बायकोने त्यात मनी प्लांट लावलाय." मग त्याने डोळे मोठे केले. "काका! वसाहतीत ऐंशी बिऱ्हाडं आहेत!"

"प्रत्येकाला बाराच दिल्या," काका म्हणाले. "भेदभाव नाही केला."

काका दिलदार माणूस. नव्या बिऱ्हाडाचं सामान उतरतंय तोवर ते कागदात गुंडाळलेल्या बारा रिंगा घेऊन हजर व्हायचे. लोकांना आधी कळायचं नाही की हे काय आहे, पण चार दिवसांत प्रत्येक घर त्यांना काहीतरी काम शोधून द्यायचंच. कुणी त्यात ब्रश उभे करी, कुणी दाराला अडकण लावी. शिवाय काका गेली अकरा वर्षं आठवड्याला एखादी रिंग खिशातून घरी आणत. ती वेगळी.

"मग आता?" फिटरने विचारलं.

"आता काय, परत मागायच्या," काका म्हणाले, आणि दिलेली वस्तू परत मागायच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

संध्याकाळी पाच वाजता सायकलला गोणी लावून दोघं निघाले. पहिलं घर कारखान्याच्या डॉक्टरांचं. त्यांच्या पत्नीने रिंगा माशांच्या काचपेटीत ठेवल्या होत्या आणि नेमक्या त्या वेळी त्या पेटी साफ करत होत्या.

"रिंगा परत? अहो, मासे त्यातून ये-जा करतात. त्यांना सवय झालीय."

"तपासणी आहे वहिनी. हव्यात."

"कसली तपासणी? त्यात काही असतं का?"

इथे काकांनी फक्त "नाही हो" म्हणायचं होतं. पण त्यांनी पाहिलं की प्रश्न विचारता विचारता वहिनींनी पाण्यातला हात झटकन बाहेर काढला होता. काकांमधला खट्याळ माणूस जागा झाला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मला बोलायची परवानगी नाही."

दोन मिनिटांत चिमट्याने उचललेल्या बारा रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात आल्या. मासे बादलीत गेले.

त्यापुढे काकांना तोंड उघडायची गरजच पडली नाही. बातमी सायकलच्या पुढे पळत होती. तिसऱ्या घरी रिंगांनी अंगाला खाज सुटत होती, सातव्या घरी डोळ्यांना अंधारी येत होती, आणि बाराव्या घरी टायपिस्ट बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून दारातच उभ्या होत्या. त्या रोज रिंगांवर केस गुंडाळून कुरळे करत.

"काका, खरं सांगा. माझे केस जाणार का?"

"किती वर्षं वापरताय?"

"सहा."

काकांनी गंभीरपणे विचार केला. "सहा वर्षांत गेले नाहीत ना? मग आता ते तुम्हाला सोडत नाहीत."

बाईंनी हुश्श केलं आणि बारा मागितल्या असताना चौदा दिल्या. दोन जास्त कुठून आल्या ते काकांनी विचारलं नाही.

घरी परतेपर्यंत काकांच्या फाटकाशी पिशव्यांची रांग लागली होती. लोक येत, लांबूनच पिशवी ठेवत आणि हात झटकत जात. एक छान कापडी पिशवी तर कोण ठेवून गेलं तेही कळलं नाही. गंमत म्हणजे सगळ्या रिंगा लखलखीत होत्या. विषाची वस्तू हाताळायची म्हणून घरोघरी लोकांनी त्या आधी बादलीत धुण्याची पावडर कालवून तासभर भिजत घातल्या होत्या, आणि तशाच निथळून पिशवीत भरल्या होत्या. "बघ, माणसं किती चांगली असतात," काका फिटरला म्हणाले. "धुऊन दिल्या."

काकू दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "लोकांना घाबरवून वस्तू काढून घेता. लाज नाही वाटत?"

"अगं, मी एक शब्द बोललो नाही."

"तेच म्हणतेय मी."

फिटरने मोजदाद केली. नऊशे साठच्या आसपास भरल्या. कागदावर काहीतरी गुणाकार करून तो म्हणाला, "अजून सहाशे तरी लागतील काका." आणि मग दोघांचीही नजर एकाच वेळी बैठकीच्या खोलीच्या दाराकडे गेली.

त्या दारात काकूंचा पडदा होता. अकरा वर्षांत काकांनी खिशातून आणलेल्या एकूण एक रिंगा काकूंनी हाताने रंगवल्या होत्या, निळ्या आणि पिवळ्या, आणि जाड दोऱ्यात ओवून दारभर माळा सोडल्या होत्या. आत-बाहेर करताना खळखळ आवाज व्हायचा. पाहुणे आले की आधी पडद्याचं कौतुक करायचे, मग काकांची चौकशी. मोजल्या असत्या तर सहाशेच भरल्या असत्या.

"तिकडे बघायचंसुद्धा नाही," काकू मान न वळवता म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी काकू शिवणाच्या वर्गाला गेल्या आणि काकांनी स्टूल घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना फार वाईट वाटत होतं. एकेक माळ कात्रीने कापताना त्यांना आठवत होतं, ही पहिली माळ मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हाची, घर फार शांत वाटायला लागलं म्हणून केलेली. पण डोळ्यांसमोर पॅकिंग खातं होतं, खोकी होती, आणि टॉवर होता, ज्याला कान लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. दोन खेपांत सहाशे रिंगा कारखान्यात पोचल्या. दाराला काकांनी चादर अडकवली. चादर फुलांची होती, एवढीच काय ती भरपाई.

त्या रिंगा टॉवरमध्ये पडल्या आणि बरोबर लाल पट्टीला टेकल्या. मंगळवारपासून चाललं होतं तसंच याही वेळी काकांचं चालू होतं, "ठोक! चारी बाजूंनी ठोक!" आणि फिटर लाकडी हातोड्याने टॉवरच्या अंगावर दणादण ठोकत होता. आख्खा टॉवर रिकामा करून भरायची काकांची ही पहिलीच वेळ. आजवर त्यांनी नुसती वरून भर घातली होती. पण काम भक्कम व्हायला हवं, आत कुठे पोकळ राहता कामा नये, असा त्यांचा बाणा होता.

संध्याकाळी काकू घरी आल्या. चादरीकडे बघितलं, चादर काढून घडी घातली, आत गेल्या. जेवण वाढलं. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर काकांना निदान झोप लागली असती.

शुक्रवारी अकराला मॅडम आल्या. धुराड्याला त्यांचं मशीन लावलं गेलं. काकांनी पाणी सोडलं, मग वायूचा पंखा चालू केला आणि सवयीने टॉवरला कान लावला.

आवाज बरोबर नव्हता. रोज आत पाणी कसं झिरमिर पडे. आज आतून कुणीतरी गुळण्या करत होतं.

"काका, दाब वाढतोय," मॅडम म्हणाल्या.

"वाढणारच. नव्याने भरलाय. थोडा लाजतोय."

"दुप्पट झालाय."

दाब वाढला म्हणजे वायूला वर जायला वाट मिळत नाहीये. वायू अडला की तो वरून येणाऱ्या पाण्याला खाली उतरू देत नाही. पाणी आतच साठतं, वायूची वाट आणखी अडते, आणखी दाब, आणखी पाणी. यालाच टॉवर तुंबला म्हणतात, आणि बावीस वर्षांत काकांचा टॉवर एकदाही तुंबला नव्हता.

"पंखा कमी कर!" काका ओरडले. फिटरने गडबडीत चाक उलटं फिरवलं. टॉवर गदगदा हलला आणि धुराड्यातून एक पांढराशुभ्र, जाडजूड फेसाचा लोट बाहेर आला. तो क्षणभर वर थबकला, मग सावकाश वाकला आणि मॅडमच्या गाडीवर बसला. त्यामागून दुसरा आला. तिसरा वाऱ्याबरोबर वसाहतीकडे निघाला. सगळीकडे फुलांच्या धुण्याच्या पावडरीचा घमघमाट सुटला.

मॅडमनी मशीनकडे पाहिलं. "वास शून्य," त्या म्हणाल्या. "पण हे काय आहे?"

उत्तर म्हणून धुराड्यातून फेसाबरोबर एक रिंग आली, पायऱ्यांवर टणटणत उतरली आणि त्यांच्या बुटाशी थांबली. निळी, वर पिवळे ठिपके.

"ती माझी आहे," फाटकाकडून आवाज आला. फेस बघून आख्खी वसाहत जमली होती आणि काकू सगळ्यांच्या पुढे होत्या.

पंखा बंद झाला. फेस मात्र थोडा वेळ येतच राहिला. मॅडम रिंग हातात फिरवत म्हणाल्या, "काका, स्टोअरातल्या चार गोण्या कुठे आहेत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी टोपी काढली आणि सगळं सांगितलं, बिऱ्हाडांना दिलेल्या भेटी, काचपेटी, टायपिस्ट बाई, पडदा. "मी दिल्या मॅडम. चोरी म्हणा हवं तर. सोमवारपासून मी पॅकिंगमध्ये बसतो." वसाहतीतल्या कुणालाच हसू आलं नाही.

"ते बघू नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी मला सांगा, साबण कुणी घातला? साबणाने फेस होणार, फेसाने टॉवर तुंबणार, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं! कोण असल्या रिंगा पावडरीत..." आणि त्या मधेच थांबल्या.

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनाही दीड महिन्यापूर्वी, सामान उतरताना, कागदात गुंडाळलेल्या बारा रिंगा मिळाल्या होत्या. काका त्यांच्याकडे मागायला गेलेच नव्हते, हिंमत झाली नव्हती.

"ती कापडी पिशवी..." काका म्हणाले.

"डॉक्टरांच्या मिसेस म्हणाल्या, विषारी आहेत," मॅडम कशाबशा बोलल्या. "माझा विश्वास नव्हता. पण म्हटलं खबरदारी. दोनदा धुतल्या. कोमट पाण्यात."

फिटर उगाच खोकला. मॅडमनी गाडीवरच्या फेसाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, साबण धुऊन काढू."

टॉवर काठोकाठ पाण्याने भरला. खालून हवा सोडली, तशा आतल्या रिंगा खळबळून निघाल्या. मग पाणी सोडून दिलं. असं तीनदा केल्यावर फेस संपला. काका वर चढले, झाकण उघडलं, आणि डोकं आत घालायची वेळच आली नाही. रिंगा वर आल्या होत्या. लाल पट्टी दिसेनाशी झाली होती आणि पट्टीच्या वर हातभर रिंगांचा ढीग होता, सगळ्यात वर निळ्या-पिवळ्या.

"मॅडम, या वाढल्या!" काका वरून किंचाळले.

"वाढतील कशा?" मॅडम म्हणाल्या.

"भरताना ठोकत होतात ना?" काकू खालून म्हणाल्या. "तीन दिवस दणदण ऐकतेय मी घरात. बरणी ठोकत ठोकत भरली की शेंगदाणे दबून बसतात, वर जागा होते. आता पाण्याने सैल झाले."

मॅडमनी डोळे मिटले. "पाण्यात सोडून भरायच्या असतात या रिंगा," त्या पुटपुटल्या. "मीच सांगायला हवं होतं. म्हणजे काका, मुळात एकही कमी नव्हती. आणि दबल्या होत्या म्हणूनच तुंबला इतका पटकन."

हातभर रिंगा काढून टाकल्या. दुपारी तीनला परत पंखा चालू झाला. काकांनी कान लावला. झिरमिर, झिरमिर. त्यांनी डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं. मशीनवर वास शून्य आला, आणि या वेळी साबणाशिवाय.

"टॉवर तुमच्याकडेच राहील," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "मात्र रिपोर्टात पावडरीचा उल्लेख नको. पुढच्या वेळी भरताना काकूंना बोलवा."

वसाहतीने मात्र रिंगा परत घ्यायला साफ नकार दिला. कितीही शपथा घातल्या तरी काकांच्या शब्दापेक्षा त्यांच्या त्या गप्प बसण्यावर लोकांचा जास्त विश्वास होता. राहिला पडदा. काकांनी शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस जमिनीवर बसून सहाशे रिंगा ओवल्या. जे ठिपके उडाले होते ते पुन्हा रंगवले. बोटांना फोड आले, पाठ धरली, पण रविवारी संध्याकाळी माळा दारात लटकल्या आणि काका घाबरत घाबरत स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "झाला गं. अगदी होता तसा."

काकू बाहेर आल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्याच्या अलीकडे हात धरला, मग पलीकडे धरला.

"तीन दिवस या खोलीत काय छान वारा येत होता," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मला वाटायचं, या घरालाच वारा नाही. तुम्ही एवढे वाऱ्या-पाण्यातले, तुम्हाला कधी कळलं नाही?"

काकांनीही हात आधी पडद्याच्या अलीकडे धरून पाहिला, मग पलीकडे.

"काढा तो," काकू म्हणाल्या, "आणि स्टोअरात ठेवून या. तुमच्या त्या जादाच्या गोण्या भरतील."

काकांनी कात्री शोधली आणि पुन्हा स्टुलावर चढले.